लिहिलेलं कुठं जातं

आमच्या ऑफिसातली माणसं हसतात, हसू देत बापडी. पण व्हर्च्युअल फाइल सिस्टिम मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात कळली. बाकीच्यांना आठवडा लागला. त्यातल्या एकाला तर अजून कळलेली नाही, आणि तो रोज माझ्याच शेजारी बसून मला शहाणपण शिकवतो.

ऑफिस म्हणजे साताऱ्यात एमआयडीसीच्या कडेला, एका फॅब्रिकेशनच्या शेडवर बांधलेल्या दोन खोल्या. खाली ग्राइंडर किंचाळत असतो आणि वर आम्ही पाचजण कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहीत असतो. मालक फौजेत सिग्नलमध्ये होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांना सर म्हटलेलं आवडत नाही, म्हणून सगळे सुभेदारच म्हणतात. माणूस तापट, पण खडू हातात घेतला की त्यांच्यासारखा मास्तर नाही.

त्या दिवशी त्यांनी आम्ही वापरतो त्या टूलकिटचं चित्र फळ्यावर काढलं. टूलकिट म्हणजे प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या तयार सामानाची पेटी. बटणं, याद्या, खिडक्या सगळं त्यात आयतं मिळतं, आणि त्यातलाच एक भाग फाइली सांभाळतो. सुभेदार म्हणाले, प्रोग्रॅमला एखादं चित्र हवं असलं की तो नुसतं नाव घेतो. 'फोटो' या खणातलं बारा नंबरचं दे, एवढंच. ते चित्र खरोखर डिस्कवर आहे, की एखाद्या झिप फाइलीत दाबून भरलंय, की यंत्राच्या मेमरीत आहे, की दुसऱ्याच गावच्या मशीनवर आहे, हे त्याला ठाऊक नसतं. मध्ये टूलकिट बसलेलं असतं. त्याच्याकडे एक यादी असते, की या नावाचं सगळं इथून आणायचं आणि त्या नावाचं तिथून. अशी खरी जागा एखाद्या नावाला जोडण्याला माउंट करणं म्हणतात. उद्या जागा बदलली तर यादीतली एक ओळ बदलायची. प्रोग्रॅममधलं अक्षरही हलवायला लागत नाही.

शेजारच्यानं विचारलं, "पण खरी फाइल असते कुठे?" सुभेदारांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातल्या मनात केव्हाच आईच्या पालात जाऊन बसले होते.

आम्ही माणचे, दहिवडीच्या अंगाचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की आई आणि आबा कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरतात, ते पावसाच्या तोंडावर माघारी येतात. दर दोन-तीन दिवसांनी नवं रान. शेतकऱ्याला मेंढरांचं खत हवं असतं, आम्हाला चारा. घोड्यावरून बिऱ्हाड उतरलं की आई पाल ठोकते, आणि ते पाल कुठल्याही गावच्या रानात ठोकलं तरी आतून तसंच. तोंड उगवतीला. तोंडाच्या उजव्या हाताला चूल. चुलीच्या डाव्या अंगाला मिठाची पिशवी, मिठामागं औषधाचा पत्र्याचा डबा, आणि पार मागं कोकरांचं डालगं. शाळेच्या सुट्टीत मी तळावर गेले की आई लांबून ओरडायची, "मिठामागं बघ गं!" मी डोळे मिटून हात घातला तरी डबा हाताला लागायचा. आज काळं रान आहे की मुरमाड, पलूसची हद्द की वाळव्याची, हे मी कधी विचारलं नाही. खालची जमीन रोज बदलायची आणि मिठामागचा डबा मिठामागंच असायचा.

हे मी सुभेदारांना तिथंच सांगितलं. सगळे हसले, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "आईला इथं आणून उभी कर, मी खाली बसतो." मी त्या दिवसापासून ऑफिसात मान ताठ करून चालायला लागले ती लागलेच.

पुढचा धडा थरांचा. एकाच नावाखाली दोन-तीन जागा एकावर एक माउंट करता येतात. वाचताना टूलकिट आधी वरच्या थरात बघतं, तिथं नसलं तर खालच्यात. लिहायचं असलं की मात्र सगळं वरच्या थरात. खालच्याला कुणी हात लावायचा नाही, तो जसा दिला तसाच राहतो. पुसलं तरी खालचं पुसलं जात नाही, वर नुसती एक खूण बसते की हे आता नाही असं धरून चाला. आणि वरचा थर कशाचाही असू शकतो. डिस्कचा असला तर लिहिलेलं कायमचं राहतं. मेमरीचा असला तर प्रोग्रॅम चालू आहे तोवर सगळं लख्ख आठवतं, बंद झाला की साफ. चाचणी घेताना हा मेमरीचा थर फार सोयीचा, कारण कितीही घोळ घाला, पुन्हा उघडलं की पाटी कोरी.

एवढं डोक्यात बसल्यावर मी गप्प थोडीच बसणार! मी आबांसाठी ॲप करायला घेतलं.

आबांची एकशे बारा मेंढरं. कुणाला लस झाली, कुणाला जंताचं औषध पाजलं, कोण गाभण, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि मेंढरांच्या कपाळावर. म्हणजे अक्षरशः कपाळावर. औषध पाजलं की आबा गेरूत अंगठा बुडवून मेंढीच्या कपाळावर ठिपका ठेवायचे. ठिपका आहे तिला झालं, नाही तिचं राहिलं. डॉक्टरांनी कधी पाजलं विचारलं की म्हणायचे, "मागल्या आवसंच्या आसपास बगा." डॉक्टर हताश होऊन वहीत काहीतरी लिहायचे, आणि मला लाज वाटायची. हो, वाटायची. इंजिनीअर पोरीचा बाप आणि हिशेब गेरूवर.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकशे बारा तोंडांचे फोटो काढले. मेंढीचा फोटो काढून बघा एकदा, म्हणजे कळेल. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, फोटो, वय, सगळं एका झिपमध्ये भरून ॲपच्या पोटात ठेवलं. तो खालचा थर. आबा जे काही नोंदवतील ते वरच्या थरात. तोंड ओळखायचं, फोटो दाबायचा, औषधाच्या बाटलीचं चित्र दाबायचं, की फोटोभोवती हिरवं कडं. वाचायला फारसं लागू नये असं केलं होतं, कारण आबांची शाळा चौथीत सुटलेली. रेंज नसली तरी चालणार होतं. सुभेदारांनी टूलकिट वापरायची परवानगी दिली आणि एकच प्रश्न विचारला, "बंद करून परत उघडून बघितलंस का?"

मी म्हणाले, "हो."

बघितलं नव्हतं. नोंद केली, हिरवं कडं आलं, यादीत परत जाऊन बघितलं, कडं जाग्यावर. झालं की. अजून काय बघायचं?

तळावर जाऊन ॲप आबांच्या फोनात घातलं, सगळं शिकवलं. आबा पटकन शिकले. मग त्यांनी गेरूचा डबा उघडला, तर मी हसले. "आबा, आता त्यो डबा घोड्याच्या पाठीवर कशाला वागवताय? टाका फेकून."

आबांनी डबा मिटला. फोन उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्ये लिवलेलं कुटं जातंय?"

"त्येच तर ह्यात भारी हाय, आबा. कुटं जातंय ह्ये कुणाला ठावं असायची गरजच न्हाई."

"तुला बी न्हाई?"

"मला बी न्हाई."

"मग कुणाला तरी असंल की," आबा म्हणाले.

मला इतकं हसू आलं की मी ही गोष्ट सोमवारी ऑफिसात सांगितली. सगळ्यांना सांगितली, सुभेदार सोडून.

पौष महिन्यात जंताचं औषध पाजायचं ठरलं. तळ तेव्हा पलूसच्या अलीकडे, नदीच्या बाजूच्या खोलगट रानात होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाभण मेंढ्यांना मापात आणि एकदाच. आठ-पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा गेलं तर गाभ राहील याची खात्री नाही. आणि त्या वर्षी निम्म्याहून जास्त मेंढ्या गाभण होत्या. आमच्याकडे कोकरं म्हणजे पुढचं सगळं वर्ष. आबांचं अख्खं वर्ष त्या मेंढ्यांच्या पोटात होतं, आणि कुणाला पाजलं कुणाला नाही हे सांगायचं काम माझ्या ॲपवर होतं.

पहिल्या दिवशी उन्हं कलेपर्यंत पाजलं आणि बाटल्या संपल्या. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी पाजू म्हणून आबांनी पलूसहून नवा कॅन आणला. गेरू लावला नव्हता. संध्याकाळी सगळी मेंढरं एकाच जाळीत कोंडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात चहाचा कप घेऊन बसले होते, तेवढ्यात आबांचा फोन. तळावर रेंज नसायची, म्हणजे ते पाणंदीनं सडकेपर्यंत चालत आले असणार. म्हणाले, "काल साठाच्या आसपास झाल्या बग. ह्यात हिरवी कडी सत्तावीसच दावतंय."

"मग सत्तावीसच झाल्या असतील."

"न्हाई गं. बाटल्या संपल्या की."

"आबा, सांडलं असंल. कुणाला जास्ती गेलं असंल. तुमी अंदाजानं बोलताय, फोन मोजून सांगतोय."

"तुजी आई बी म्हंती लय झाल्या."

"आईला काय, तिला सगळंच लय वाटतं." मी खोखो हसले. "ज्येच्याभवती कडं न्हाई, तिला पाजा. डोळं झाकून पाजा."

आबा म्हणाले, "बरं. तू म्हंतीस तर तसं. काल दुपारी फोन मेला व्हता, मळ्यातल्या घरात लावून आणला. आता फुल्ल हाय, दिसभर पुरंल." आणि फोन ठेवला.

मी चहा संपवला. कप विसळला. दुसरं काम उघडलं, दोन ओळी लिहिल्या, आणि तिसऱ्या ओळीवर हात थांबला.

फोन मेला होता. दुपारी. म्हणजे ॲप बंद पडलं होतं. म्हणजे ते परत उघडलं होतं.

मी आबांच्या ॲपचा कोड उघडला आणि माउंटच्या ओळी वाचल्या. दोनच होत्या. खाली झिप. वर मेमरी. चाचणीसाठी घातलेला मेमरीचा थर मी काढलाच नव्हता, तशीच्या तशी चाचणीची आवृत्ती बापाच्या फोनात घालून आले होते. तरी खात्री करायला मी माझ्या लॅपटॉपवर ॲप चालवलं, दोन मेंढ्यांना हिरवी कडी दिली, बंद केलं, परत उघडलं. जे महिन्यापूर्वी करायचं होतं ते आत्ता केलं. दोन्ही कडी गायब. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. खालच्या थरातली एकशे बारा कोरी तोंडं माझ्याकडे बघत होती.

म्हणजे आबांनी सकाळपासून केलेल्या नोंदी दुपारी फोनबरोबर मेल्या, आणि दुपारनंतरच्या सत्तावीस तेवढ्या उरल्या. ॲपनं 'मला माहीत नाही' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं 'पाजलं नाही' असं छातीठोक सांगितलं. माझ्यासारखंच.

आबांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला, परत तेच. दहा वेळा लावला असेल. मग सुभेदारांपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं, त्या खोट्या 'हो'सकट. ते लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "आधी पोच. तुझी परेड नंतर घेतो." स्वतःच्या बुलेटवरून त्यांनी मला स्टँडवर सोडलं.

कराडला एसटी बदलली. कराडच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली ती अडकलीच. मी खिडकीशी बसून हिशेब करत होते. आबांना एका मेंढीला दोन-तीन मिनिटं लागतात. तासाला वीस-पंचवीस तरी होतात. मी कितीही घाई केली तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. ड्रायव्हरच्या नावानं मनात शिव्या घातल्या, मग कळलं की त्या बिचाऱ्याचा काय दोष. रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

सडकेवर उतरले आणि पाणंदीनं पळत सुटले. तळ दिसला तेव्हा धाप लागून मला बोलता येईना. मेंढरं जाळीत, आबा जाळीच्या दारात उभे, हातात रिकामी नळी. आणि आई औषधाच्या कॅनवर बसलेली. त्या कॅनचं बूड जमिनीत रुतलं होतं, इतका वेळ ती त्यावर बसली असणार.

"आलीस?" आई म्हणाली. "ह्यास्नी सांग आता. सकाळधरनं सांगून माजं तोंड दुकलं. म्हनलं, आवं, हिला काल पाजलंय. तर म्हंत्यात फोन न्हाई म्हंतोय. दुसरीला बी तसंच. तिसरीला बी, फुडं बी तसंच. मग म्या म्हनलं, बास झालं, आन बसले हितं. पोरगी येऊ दे न्हाईतर पोरीचा बा येऊ दे, म्या उठत न्हाई."

"पोरीचा बा ह्यो काय, हितंच हुबा हाय," आबा पुटपुटले.

मी तिथंच मातीत बसले. म्हणाले, "आबा, फोन खोटं बोलला. फोन न्हाई, म्या. माजी चूक हाय."

आबांनी हातातली नळी खाली ठेवली. आईनं मात्र एक क्षण वाया घालवला नाही. पाजताना मेंढीचं तोंड तीच धरते, गुडघ्यात मान दाबून, जबड्यात अंगठा घालून. ती उठली, जाळीत शिरली, आणि एकेका मेंढीजवळ जाऊन सांगायला लागली. ही काल झाली, हिनं माझा अंगठा चावला. ही झाली, हिच्या कोकरानं मधे धुडगूस घातला. ही राहिली. ही राहिली. ही झाली, आज परत झाली. मी कागदावर लिहीत होते. कागदावर, पेननं. आई काही जादूगार नाही, पंधराएक मेंढ्यांपाशी ती थांबली आणि म्हणाली, "हिचं मला ठाम न्हाई." त्या बाजूला काढल्या आणि त्यांना महिनाभर काही पाजलं नाही. ठाऊक नाही तिथं ठाऊक नाही म्हणायचं, एवढी साधी गोष्ट मला माझ्या प्रोग्रॅममध्ये घालायची सुचली नव्हती.

हिशेब लागला तेव्हा सात जणींना दोनदा गेलेलं निघालं. सातांतल्या चार गाभण. आबा मला घेऊन सडकेला आले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तिकडून तापले असावेत, कारण आबा नुसतं "व्हय, व्हय" करत होते. मग म्हणाले, "माजीच चूक झाली, सायब. म्या दाबायचं इसरलो."

ते ऐकून मला काय झालं ते लिहिणं अवघड आहे. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "डॉक्टर, आबा काही विसरले नाहीत. ॲप मी लिहिलंय आणि मी तपासलं नव्हतं. चूक माझी आहे." डॉक्टर शांत झाले. म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही, पाणी भरपूर पाजा, पळवू नका, वाट बघा.

वाट बघितली. तिसऱ्या आठवड्यात दोन मेंढ्या गाभडल्या. एक भुरी आणि एक काळतोंडी, जिला आईनं लहानपणी बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. फोनवर मला हे आईनं सांगितलं. आबा मागंच असावेत, पण फोनवर आले नाहीत. औषधानं झालं की झालंच असतं, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मी त्या शंकेचा आधार घेत नाही. मला त्या दोन माझ्याच खात्यावर धरायच्या आहेत.

सुभेदारांनी परेड घेतली ती वेगळी. ओरडले नाहीत. फळ्यावर तेच चित्र परत काढलं आणि खडू माझ्या हातात दिला. "प्रोग्रॅमला ठाऊक नसलं तर चालतं," ते म्हणाले. "माउंट करणाऱ्याला ठाऊक नसून कसं चालेल?" आबांचं 'मग कुणाला तरी असंल की' हे वाक्य मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर चित्राखाली लिहून ठेवलं.

मी माघार घेणारी नाही. ॲप टाकून दिलं असतं तर आबांना सोपं गेलं असतं आणि मलाही, पण मग ती दोन कोकरं फुकट गेली असती. वरचा मेमरीचा थर काढला आणि तिथं फोनमधली खरी जागा माउंट केली. बदल एका ओळीचा, सुभेदारांनी पहिल्या दिवशी सांगितला होता तसाच. पण त्यावर मी तीन आठवडे घालवले. आता प्रत्येक नोंद लिहून झाली की ॲप ती खऱ्या जागेवरून परत वाचून बघतं, आणि जुळली तरच हिरवं कडं देतं. उघडल्यावर पहिल्यांदा वरचा थर कायमचा आहे का ते तपासतं, नसला तर चालायलाच नकार देतं. आणि ज्या मेंढीची नोंद सापडत नाही तिला कोरं तोंड दाखवत नाही, तिच्याभोवती पिवळं कडं काढतं. पिवळं म्हणजे ठाम नाही. ते आईचं.

पावसाच्या तोंडावर कळप माणला परत आला. औषध पाजायचा दिवस ठरला तसा मी आदल्या दिवशीच गावी गेले. सकाळी अंगणापुढं जाळी लावली. गेरूचा डबा आबांनी फेकला नव्हताच, तो चुलीच्या डाव्या अंगाला, मिठामागं होता. घरातही आईची मांडणी तीच.

मी ॲप उघडून फोन आबांपुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. मला वाटलं, झालं, आता नको म्हणणार.

"लिवलेलं कुटं जातंय?" त्यांनी विचारलं.

या खेपेला मला हसू आलं नाही. मी सांगितलं. तुम्ही दाबलं की फोनच्या आतल्या पक्क्या जागेत, अमुक नावाच्या फाइलीत. फोन मेला तरी तिथं राहतं. फोन हरवला तर घरी रेंजमध्ये आल्यावर त्याची एक नक्कल साताऱ्याला माझ्या मशीनवर जाते. तीही गेली तर तुमचा गेरू. मग मी एका मेंढीची नोंद केली, फोन पुरता बंद केला, परत चालू केला. चालू व्हायला मिनिटभर लागतं. ते मिनिटभर आम्ही तिघंही त्या काळ्या काचेकडे बघत होतो. ॲप उघडलं. हिरवं कडं जाग्यावर होतं.

आबांनी मान डोलावली. जाळीतून पहिली मेंढी आईनं ओढून आणली, ती काळतोंडी. पुन्हा गाभण होती. आई तिला गुडघ्यात घ्यायला वाकली, तर आबा म्हणाले, "तू राहू दे. पोरगी धरंल."

मी बसले. काळतोंडीची मान गुडघ्यात घेतली, जबड्यात अंगठा घातला. ती चावली, चांगलीच चावली. आबांनी मापानं औषध सोडलं, तिच्या कपाळावर गेरूचा ठिपका ठेवला, आणि माझ्या मांडीवरचा फोन उचलून तिचं तोंड शोधून दाबलं. बाटली दाबली. मग मला काही न विचारता फोन खिशात घातला आणि आईला म्हणाले, "दुसरी आन."